आकाशाचा थंड कॅमेरा आणि वर्ध्याचा उन्हाळा

ताऱ्यांचें छायाचित्र घेणारा कॅमेरा थंड करावा लागतो, हा प्रथम ऐकणाऱ्यास विनोदच वाटतो. प्रकाश टिपावयाचा, त्याला थंडीशीं काय कर्तव्य? आणि हा प्रश्न बोरगांव मेघेसारख्या ठिकाणीं विचारला गेला, तर त्यांतील गंमत अधिकच वाढते. वर्धा शहराला लागून असलेलें हें गांव. सावंगी, सिंदी, उमरी हीं त्याचीं 'मेघे' उपनांवाचीं भावंडें आसपासच नांदतात. नांव मेघे असलें तरी वैशाखांत मेघाचा मागमूस नसतो. पारा ४५ अंशांच्या पुढें जातो आणि रात्रीं दहा वाजतांही गच्चीची फरशी पायाला ऊन लागते. अशा जागीं शून्य अंशाच्या आसपास ठेवावयाचें एक नाजूक यंत्र कसें चालवावें व कसें सांभाळावें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

कॅमेऱ्याच्या पोटांत सिलिकॉनचें एक पातळ पटल असतें. त्यालाच आज सर्वत्र सेन्सर म्हणतात. या पटलावर लक्षावधि सूक्ष्म चौकटी आंखलेल्या असून प्रत्येक चौकटीस पिक्सेल हें नांव आहे. ताऱ्याकडून आलेला प्रकाशकण एखाद्या चौकटींत पडला कीं तेथील एक इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतो व त्या चौकटीच्या खात्यांत जमा होतो. दोन मिनिटांनीं, पांच मिनिटांनीं, जशी आपली इच्छा असेल त्याप्रमाणें, प्रत्येक चौकटीची जमा मोजली कीं चित्र तयार झालें. व्यवहार सरळ आहे. अडचण एवढीच कीं इलेक्ट्रॉनास जागेवरून उठविण्याचें सामर्थ्य जसें प्रकाशाच्या अंगीं आहे तसें उष्णतेच्याही अंगीं आहे. नागपंचमीच्या सुमारास घरोघर ज्वारीच्या लाह्या फुटतात, तें आठवावें. कढई तापली कीं कोणी टिचकी न मारतां कोणता ना कोणता दाणा उडतो. कोणता दाणा केव्हां उडेल हें सांगतां येत नाहीं. परंतु कढई जितकी अधिक तापलेली तितक्या लाह्या भराभर उडणार, हें निश्चित. सिलिकॉनच्या पटलांत असेंच चाललेलें असतें, आणि हा इलेक्ट्रॉन ताऱ्यानें दिला कीं उन्हाळ्यानें दिला, हें मोजणाऱ्या यंत्रास ओळखतां येत नाहीं.

लग्नमंडपांत छायाचित्र घेणाऱ्याला याची फिकीर नसते. त्याचा पडदा सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यापुरता उघडतो व तेवढ्यांत प्रकाशाचा पाऊस पडून जातो. त्यांत उष्णतेच्या चारदोन थेंबांची मातबरी ती काय? परंतु दूरच्या एखाद्या अंधुक तेजोमेघाकडून एका चौकटीच्या वाट्याला मिनिटाला दहापांचच प्रकाशकण यावयाचे. तेथें उष्णतेनें पन्नास इलेक्ट्रॉन भरीस घातले, तर निमंत्रितांपेक्षां आगंतुकांचीच पंगत मोठी व्हावयाची. बरें, या आगंतुकांची संख्या अगदीं ठराविक असती तर ती वजा करून मोकळें होतां आलें असतें. ती क्षणाक्षणाला कमीजास्त होत असते, आणि चित्रांत जी रवाळ खरखर दिसते ती या कमीजास्तपणाचीच. सिलिकॉनचा एक गुण मात्र आपल्या कामाचा आहे. त्याचें उष्णतामान साधारणपणें दर सहा अंशांनीं उतरविलें कीं ही गळती निम्मी होते. (सेन्सरपरत्वें हा आंकडा पांच ते सात असा थोडा फिरतो.) म्हणजे ३५ अंशांवरून वजा ५ अंशांवर आलें कीं ४० अंशांच्या त्या उतरणींत गळतीचा सुमारें शंभरावा हिस्सा उरतो. कॅमेरा थंड करण्याचें सारें रहस्य एवढ्यांत आहे.

हीं पटलें तशीं अलीकडचीं. २२ जानेवारी १८९८ रोजीं जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले गेले, त्या वेळीं पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नाएगमवाला यांची भिस्त छायाचित्रणाच्या कांचेच्या प्लेटांवर होती. प्लेटवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकीं एकदोनच कामास येत. आजच्या चांगल्या सेन्सरवर ऐंशीनव्वदपर्यंत येतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनीं १९६९ सालीं सीसीडी नांवाचें पटल शोधून काढलें, व त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. महाराष्ट्रांत या पटलाचें मोठें कार्य पहावयाचें तर पुण्याच्या 'आयुका' संस्थेनें पुणे जिल्ह्यांत गिरवली येथें उभारलेल्या वेधशाळेकडे पहावें. २००६ सालीं सुरू झालेल्या या वेधशाळेंतील दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा आहे. तिच्या मुख्य कॅमेऱ्याचें सीसीडी पटल थंड ठेवण्यासाठीं द्रव नायट्रोजनाची योजना करण्यांत आली. हा द्रव वजा १९६ अंशांस उकळतो. तो सारखा उडून जात असतो, म्हणून त्याचें भांडें वेळोवेळीं भरावें लागतें.

वर्धा जिल्ह्यांतील श्रोत्यांना द्रव नायट्रोजन अगदींच परका नाहीं. हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. जनावरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या दुहेरी भिंतीच्या, झांकण काढतांच धूर सोडणाऱ्या डब्यांत ठेवलेल्या असतात, त्या डब्यांत हाच पदार्थ असतो. परंतु घरीं दुर्बीण बाळगणाऱ्या हौशी माणसानें या वाटेस जाऊं नये. बंद खोलींत तो उडाला तर श्वासाची हवा हटवून तिची जागा घेतो, आणि त्याच्या कॅमेऱ्याला निर्वात कोठी लागते, ती सांभाळणें हा स्वतंत्र व्यवसाय आहे.

हौशी माणसाच्या कॅमेऱ्यांत थंडी येते ती विजेनें. पॅरिसच्या ज्यां पेल्तिए या घड्याळजीनें १८३४ सालीं असें दाखविलें कीं दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांतून विजेचा प्रवाह नेला असतां सांधा एका दिशेच्या प्रवाहानें थंड होतो व उलट्या दिशेच्या प्रवाहानें तापतो. धातूंऐवजीं अर्धवाहक पदार्थ वापरूं लागल्यावर हा चमत्कार उपयोगांत आला. कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पाठीशीं या पदार्थांची एक चपटी वडी बसविलेली असते. ही वडी थंडी उत्पन्न करते असें आपण बोलतों, पण वस्तुतः ती हमालाचें काम करते. सेन्सरकडील उष्णता उचलावयाची व पाठीमागच्या धातूच्या पाकळ्यांवर नेऊन टाकावयाची. तेथून पंखा ती बाहेरच्या हवेंत उधळतो. हमालाच्या अंगांत जेवढा दम असेल तेवढेंच ओझें तो जिन्यावर चढविणार. सामान्य कॅमेऱ्यांत हा दम बाहेरच्या हवेच्या खालीं ३५ ते ४० अंशांपुरता असतो.

आतां वर्ध्याचा हिशेब करूं. पौषांत रात्रीं हवा १२ अंशांवर उतरली असेल तर वजा १० अंश गांठणें हें वडीला सहज साध्य आहे. मे महिन्यांत रात्रीं दहा वाजतां हवा ३४ अंशांवर असेल तर तेच वजा १० अंश म्हणजे ४४ अंशांची उतरण. ती साधणार नाहीं. या ठिकाणीं बहुतेकजण हट्टास पेटतात. आपल्या कॅमेऱ्यानें वजा २० अंश गांठले, वजा २५ गांठले, असें थंड प्रदेशांतील हौशी लोक सांगतात, तें ऐकून येथील मनुष्य यंत्राला तोच आंकडा घालून देतो. वडी पूर्ण शक्तीनें राबत राहते, आंकडा कांहीं गांठत नाहीं, आणि रात्र जसजशी निवत जाते तसतसा सेन्सर घटकेस एक अंश, दोन अंश असा खालीं सरकत राहतो. थंडी मिळाली असें वाटतें; परंतु जें मिळावयास हवें होतें तें निसटलें. कारण या कामांत थंडपणापेक्षां स्थिरपणाची किंमत अधिक आहे. कॅमेरा किती थंड झाला हें विचारण्यापूर्वीं, तो रात्रभर आणि रात्रीमागून रात्र त्याच अंशावर राहिला कीं नाहीं, हें विचारावें.

हें असें कां, तें पाहण्यासाठीं उष्णतेची गळती वजा कशी करतात हें समजून घेतलें पाहिजे. पटलावरील साऱ्या चौकटी सारख्या नसतात. कांहीं मुळांतच गळक्या असतात व चित्रांत त्या चांदण्यांसारख्या चमकतात. म्हणून दुर्बिणीचें तोंड घट्ट बंद करून, तितक्याच वेळाचें व तितक्याच उष्णतामानाचें एक अंधाराचें चित्र घेतात. हौशी मंडळींत याला नुसतें 'डार्क' म्हणतात. असे तीसचाळीस डार्क घेऊन त्यांची सरासरी काढली कीं प्रत्येक चौकटीची गळती किती याचा एक नकाशाच हातीं येतो. ३६ चित्रांची सरासरी घेतली तर त्या नकाशांतील खरखर सहावा हिस्सा होते. हा नकाशा ताऱ्यांच्या चित्रांतून वजा केला कीं गळक्या चौकटी बहुतांशीं नाहींशा होतात. मात्र नकाशा व चित्र एकाच अंशावरचीं पाहिजेत. डार्क शून्य अंशावर घेतला आणि आकाशाचें चित्र घेतांना सेन्सर तीन अंशांवर असला, तर गळती सुमारें १.४ पट झालेली असते; वजाबाकी अपुरी पडते आणि गळक्या चौकटी पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें तशाच उरतात. उलट डार्क अधिक उष्ण असला तर त्याच जागीं काळीं छिद्रें पडतात. रात्रभर सरकणाऱ्या उष्णतामानाला कोणताच डार्क जुळत नाहीं.

तेव्हां नियम असा ठेवावा. कॅमेरा चालविणारी संगणकाची योजना, वडीला किती शक्ति लागत आहे तें शेंकड्यांत दाखवीत असते. हा आंकडा ८० च्या वर जाऊं देऊं नये. उरलेले २० ही हमालाच्या अंगांतील शिल्लक; बाहेर वाऱ्याची एखादी गरम झुळूक आली तर ती सांवरण्यासाठीं ती राखून ठेवावयाची. आंकडा शंभरावर टेकला कीं लगाम सुटला असें समजावें. मला विचाराल तर वर्ध्याकडील मनुष्यानें वर्षाच्या बाराही महिन्यांसाठीं शून्य अंश हा एकच आंकडा ठरवून टाकावा, व मे महिन्यांतील फारच वाईट रात्रीं पांच अंशांचा एक वेगळा डार्कसंच हाताशीं ठेवावा. आंकडा गांठल्यावर लगेच चित्रें घेऊं नयेत; पंधरावीस मिनिटें जाऊं द्यावीं, कारण उष्णतामापक एका जागीं असतो आणि सगळें पटल व त्याभोंवतालचे भाग निवावयास वेळ लागतो.

शून्य अंश हा आंकडा ऐकून कित्येकांस हिरमुसल्यासारखें होईल. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आजच्या चांगल्या सेन्सरमध्यें शून्य अंशावर एका चौकटीची गळती सेकंदाला इलेक्ट्रॉनाच्या शतांशाच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनही कमी असते. उलट बोरगांवच्या आकाशांत वर्धा शहराच्या दिव्यांची जी आभा पसरलेली आहे, ती त्याच चौकटींत सेकंदाला एकदोन इलेक्ट्रॉन सहज ओतते. आभेच्या या पुरांत गळतीचा थेंब आणखी निम्मा केल्यानें चित्रांत कांहींएक फरक दिसत नाहीं. जो पैसा व जो जीव अधिक थंडीसाठीं खर्चावयाचा, तो दुर्बीण शहरापासून वीस कोस दूर नेण्यांत खर्चिला तर शतपटीनें फळ मिळेल. अपवाद एक आहे. तेजोमेघांतील हायड्रोजनाचा लाल प्रकाश तेवढा येऊं देणारी अरुंद गाळणी लावली असतां आकाशाची आभा जवळजवळ गळून पडते. मग उष्णतेची गळती पुन्हां डोकें वर काढते, व हिंवाळ्यांत वजा १० अंशांचा उपयोग दिसून येतो. असा नाद असणाऱ्यानें हिंवाळ्यासाठीं वजा १० चा दुसरा डार्कसंच करावा.

कोणी म्हणेल, मग उन्हाळ्याच्या वाटेस जावेंच कशाला? हिंवाळ्यांत चित्रें घ्यावीं, उन्हाळ्यांत झोंपावें. पण आकाशाची व्यवस्था आपल्या सोईनें लागलेली नाहीं. नरतुरंग समूहांतील ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधि ताऱ्यांचा गुच्छ मेच्या आरंभीं रात्रीं अकराच्या सुमारास दक्षिणेस सर्वांत उंच येतो. वर्ध्याहून तो क्षितिजावर सुमारें २२ अंश चढतो. दिल्लीकरांस तो १४ अंशांवरच, धुरकटांत, पहावा लागतो. युरोपाच्या बहुतेक भागांतून तर त्याचें दर्शनच नाहीं. वृश्चिक व धनु राशींतील आकाशगंगेचा गाभा सायंकाळीं वर येऊं लागतो तों पावसाळा येऊन ठाकतो. म्हणजे तोही एप्रिल-मेच्या मध्यरात्रीनंतरच टिपला पाहिजे. आपल्या अक्षांशाची जी खरी मिराशी, ती नेमकी उकाड्याच्या रात्रींत पदरांत पडते.

येथवर उष्णतेची कथा झाली. परंतु थंड कॅमेऱ्याचा खरा वैरी उष्णता नव्हे. तो पाणी आहे. उन्हाळ्यांत माठांतल्या पाण्यानें भरलेला पितळी तांब्या बाहेरून पाझरल्यासारखा ओला होतो. तांब्या गळत नसतो. हवेंतील वाफ त्याच्या थंड अंगावर पाण्याच्या रूपानें बसते. शून्य अंशावरील सेन्सर म्हणजे असाच एक तांब्या. पावसाळी हवेच्या एका घनमीटरांत २० ग्रॅम वाफ सहज असते. शून्य अंशाची हवा पांच ग्रॅमही धरूं शकत नाहीं. सेन्सर ज्या बंद कोठींत बसविलेला असतो तिचें आकारमान ३० घनसेंटिमीटर धरलें, तर तेवढ्या पावसाळी हवेंतील वाफ अर्ध्या मिलिग्रॅमाहून थोडी अधिक भरते. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे कांहीं खडे. पण तेवढें पाणी नखाएवढ्या पटलावर हिमकण होऊन बसलें कीं चित्राची वाट लागते, आणि वारंवार बसूं लागलें तर पटलाच्या कडेचे सूक्ष्म विद्युत्सांधे गंजून कॅमेरा कायमचा जातो. एका माणसाच्या किंवा एखाद्या शाळेच्या कित्येक महिन्यांच्या बचतीची ही वस्तु असते. बिघडल्यास ती दूरच्या कारखान्यांत पाठवावी लागते व तेथेंही पटल बदलण्याचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जातो.

म्हणून कोठींत ओलावा शोषणाऱ्या पदार्थाच्या गोळ्या किंवा दाणे ठेवलेले असतात. सिलिका जेल हें त्यांतलें सर्वपरिचित नांव. नव्या चपलांच्या खोक्यांत जी छोटी पुडी सांपडते तींत हेंच असतें. त्यांची धारणशक्ति अमर्याद नाहीं. रबराच्या कड्यांतून वाफ अगदीं मंद गतीनें आंत झिरपतच असते. वर्षदीडवर्षानें दाणे तृप्त होतात व पुढें एक थेंबही घेत नाहींत. रंगीत दाणे आपली तृप्ति रंगानें सांगतात: निळे गुलाबी होतात, नारिंगी जातीचे हिरवट किंवा फिके पडतात. कॅमेऱ्याच्या आंत रंग दिसत नसेल तर चित्रावरून ओळखावें. शून्य अंशावर चित्राच्या मध्याकडे जाळीदार, फर्नच्या पानासारखी आकृति दिसूं लागली आणि तासागणिक पसरत गेली, तर तें हिम समजावें. खातरजमा सोपी आहे: उष्णतामान १० अंशांवर चढवावें, आकृति विरली तर दोष ओलाव्याचा, तशीच राहिली तर धुळीचा.

ओलावलेले दाणे टाकून देण्याचें कारण नाहीं. ते ११० ते १२० अंशांच्या भट्टींत दोनतीन तास ठेवले असतां पुन्हां कोरडे होतात. स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा कढईंत मात्र हें करूं नये. एक तर उष्णतामानाचा अदमास राहत नाहीं व दाणे करपून निकामी होतात, आणि दुसरें असें कीं निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी आहे. विजेची छोटी भट्टी या कामापुरती वेगळी ठेवावी. दाणे कोमट असतांनाच घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत भरावे व निवल्यावर कोठींत घालावे. कोठी उघडण्याचें काम कोरड्या दिवशींच करावें. वर्ध्याकडे त्यास एप्रिलची दुपार फार चांगली. इतर सर्व बाबतींत त्रास देणारी ती हवा येथें उपकार करते. मात्र त्या खोलींतील कूलर आधीं बंद करावा. विदर्भांतील घराघरांत खिडकीशीं बसविलेलें हें यंत्र ओल्या वाळ्यांतून हवा खेंचून खोली गार करतें, म्हणजेच खोलींत वाफ भरतें. कॅमेऱ्याजवळ कूलर नको, आणि चित्रें घेण्याच्या जागीं तर मुळींच नको.

कोठीच्या कांचेवर बाहेरून बसणारें दंव ही निराळी गोष्ट. तें आंतल्या हिमाइतकें घातक नसतें, पण चित्रांतील ताऱ्यांभोंवतीं धुकट वलयें आणतें. बहुतेक कॅमेऱ्यांच्या कांचेभोंवतीं त्यासाठीं मंद उष्णतेची पट्टी असते. कार्तिकापासून माघापर्यंत ती लावून ठेवावी, वैशाखांत तिची गरज पडत नाहीं. कांचेवर धूळ बसल्यास रबरी फुग्यानें हवा मारावी. तोंडानें फुंकर घालण्याचा मोह प्रत्येकास होतो. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात व मग घासण्याचा प्रसंग येतो. पुसलेल्या कांचेपेक्षां किंचित् धुळकट कांच बरी. हिंवाळ्याच्या पहांटे गार झालेला कॅमेरा घरांत आणल्यावर त्याची पेटी तासभर उघडूं नये. बाहेरून उबदार खोलींत आलेल्या माणसाचा चष्मा जसा धुरकटतो तसेंच येथें होतें.

विजेसंबंधीं थोडें. वडी १२ व्होल्टांवर चालते व जोरांत असतां सुमारें ३ अँपिअर ओढते. गच्चीवर वीज नेण्यासाठीं लोक घरांतली लांबलचक बारीक तार वापरतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या १० मीटर जोडतारेंत ३ अँपिअरला एक व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. मग कॅमेऱ्यास ११ व्होल्ट मिळतात आणि तो मधेंच थंड करावयाचें सोडून देतो. तार जाड घ्यावी किंवा मोटारीची बॅटरी दुर्बिणीच्या पायाशींच ठेवावी. वीज गेली असतां बॅटरीवर काम अखंड चालतें हा दुसरा लाभ. समजा, वीज अचानक तुटली, तर घाबरून जाऊं नये. सेन्सर आपसूक हळूहळू कोमट होतो व त्यानें बहुधा कांहीं बिघडत नाहीं. तरीपण स्वतः होऊन बंद करतांना मिनिटाला दोनतीन अंश या गतीनें चढवून बंद करावा. दहा मिनिटांचें काम, त्यांत कंजुषी कशाला?

पाठीमागचा पंखा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. दिवाळीनंतर कापूस घरांत येऊं लागला, वर्धा, देवळी, हिंगणघाट या पट्ट्यांतील जिनिंग सुरू झाल्या, कीं हवेंत तंतु तरंगूं लागतात. ते पंख्याच्या पात्यांवर व धातूच्या पाकळ्यांत अडकून त्यांची गोधडी बनते. हमालानें आणलेली उष्णता बाहेर टाकावयास वाट राहिली नाहीं, तर गेल्या महिन्यांत ६० शेंकड्यांवर गांठलेला शून्य अंश या महिन्यांत ९० वर गांठला जातो. हा फरक वहींत टिपून ठेवणाऱ्याच्याच लक्षांत येतो. तीन महिन्यांनीं एकदां मऊ ब्रशानें पाकळ्या साफ कराव्या.

आणि गच्ची. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत धग सोडीत असते. त्या धगीनें कॅमेऱ्याचें काम वाढतें आणि वर चढणाऱ्या हवेच्या लहरींनीं ताऱ्यांचे ठिपके फुगतात. उन्हाळ्यांत गच्चीवर निजणारे लोक सायंकाळीं पाणी शिंपडतात, तीच रीत येथें चालेल. मात्र सूर्यास्तापूर्वीं शिंपडावें आणि तें पूर्ण वाळल्यावरच दुर्बीण मांडावी. मातीचें अंगण उपलब्ध असेल तर गच्चीचा लोभ सोडावा हें उत्तम.

मृगाचा पाऊस सुरू झाला कीं आकाशाचें काम चार महिने थांबतें. गिरवलीसारख्या मोठ्या वेधशाळेचेंही तें थांबतें. याच दिवसांत घरीं बसून डार्कसंच नवा करावा. विश्वकिरणांच्या आघातांनीं गळक्या चौकटींची संख्या वर्षागणिक थोडी वाढत असते, म्हणून गेल्या वर्षाचा नकाशा या वर्षीं जशाचा तसा चालत नाहीं. श्रावणांतल्या रात्रीं खोलींत हवा २६-२७ अंशांवर असते, तेव्हां शून्य अंश विनासायास मिळतो. कॅमेऱ्यावर धातूचें झांकण लावावें. प्लास्टिकच्या कित्येक झांकणांतून डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश आंत शिरतो व अंधाराचें चित्र खोटें पडतें. त्याहूनही निर्धोक मार्ग म्हणजे कॅमेरा चादरीखालीं अंधाऱ्या खोलींत ठेवणें. पंख्याची हवा तेवढी मोकळी राहूं द्यावी. काम झालें कीं कॅमेरा रबरी कडें असलेल्या घट्ट डब्यांत, मूठभर ताज्या दाण्यांसह, ठेवून द्यावा. कपाटांत, कापडांत गुंडाळून ठेवणें म्हणजे बुरशीला आमंत्रण.

दसऱ्यानंतर आकाश निवळलें कीं डबा उघडावा. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरें कापड ताणून संध्याकाळच्या उजेडांत दोन चित्रें घ्यावीं, एक १० अंशांवर व एक शून्यावर, आणि तीं शेजारीं शेजारीं ठेवून पहावीं. दोन्हींत फरक नसेल तर कोठी कोरडी आहे. मग वहीच्या नव्या पानावर तारीख, बाहेरचें उष्णतामान व वडीचे शेंकडे लिहावे. मृग नक्षत्र तोंपर्यंत रात्रीं अकराच्या सुमारास पूर्वेस वर येऊं लागलेलें असतें, व त्याच्या पोटांतील तेजोमेघ इतका ठळक आहे कीं पहिल्या रात्रीं एकेका मिनिटाचीं चित्रेंही पुरीं होतात.